ओल धरलेला काटा

आंब्याच्या नाहीतर चिकूच्या बागेत, झाडांच्या दोन ओळींमधून फिरणारा छोटा ट्रॅक्टर आता कोकणातही नवलाचा राहिलेला नाही. अठरा-वीस अश्वशक्तीचे हे यंत्र गवत कापते, फवारणीचा पंप फिरवते आणि वेळप्रसंगी खताची ट्रॉलीही ओढते. त्याच्या स्टिअरिंगपुढे पत्र्याची एक पाटी असते आणि तिच्यावर तीन-चार गोल काचा बसवलेल्या असतात. एक काटा इंजिनातले पाणी किती तापले ते सांगतो, दुसरा तेलाचा दाब सांगतो, तिसरा बॅटरीत वीज जाते आहे की बॅटरीतून बाहेर पडते आहे ते दाखवतो. चौथे असलेच तर तासांचे मीटर. यंत्र नवे असते तेव्हा मालक या काट्यांकडे दर पाच मिनिटांनी पाहतो. वीस-पंचवीस पावसाळे झाले, की काचेआड धुके साचते, तबकडी पिवळी पडते आणि काटा एका जागी ठाण मांडून बसतो. मग मालकही तिकडे पाहणे सोडून देतो. “मीटर काय, बंदच आहे” असे आपण सहज म्हणतो. बंद पडलेल्या काट्याची तितकीशी भीती नाही. भीती आहे ती ‘सर्व ठीक’ या जागी अडकून बसलेल्या काट्याची.

आमच्या वाडीत एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरचे असेच झाले. भाद्रपदात गवत कापताना गवताचे तुरे आणि कुसळे रेडिएटरच्या जाळीत गच्च बसली, वारा अडला आणि पाणी उकळू लागले. काटा मात्र हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर शांत उभा! चालवणारा पोरगा हुशार. पण काट्यावर विश्वासून तो आणखी अर्धा तास कापत राहिला. हेडचे पॅकिंग फुटले, हेड वाकले, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर महिनाभर गॅरेजात पडून राहिला. मेस्त्रीने मीटर उघडले, तेव्हा आत काट्याच्या कण्याभोवती हिरवट बुरशीसारखा थर धरलेला होता. जे काम एका दुपारचे होते, ते राहून गेल्याने एवढे महाभारत घडले.

आता ही ओल आत शिरते कशी, ते आधी पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की पावसाचे पाणी काचेच्या कडेने गळते आणि आत साचते. तसे होतेच, पण छपराखाली ठेवलेल्या, पावसाचा एक शिंतोडाही न लागलेल्या ट्रॅक्टरच्या काचेतही धुके धरते. याचे कारण असे, की मीटर श्वास घेते.

माझा विषय भूगोल. वर्गात आम्ही हवेतील आर्द्रता शिकवतो, तेव्हा डोंगर, ढग आणि मान्सून यांच्या गोष्टी सांगतो. तीच सगळी गोष्ट या आठ सेंटिमीटरच्या डबीत घडते. दिवसा ऊन आणि इंजिनाची धग यांनी डबी पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते. आतली हवा फुगते आणि सुमारे दहावा हिस्सा हवा फटींतून बाहेर पडते. रात्री डबी निवते, आतली हवा आकसते आणि तितकीच हवा बाहेरून आत ओढली जाते. ही आत येणारी हवा कोकणातल्या श्रावणाची! तीस अंश उष्णतेची हवा पूर्ण दमट असली, तर तिच्या एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा वीस अंशांवर आली, की जेमतेम १७ ग्रॅम मावते. उरलेल्या वाफेला कुठे तरी बसावेच लागते. ती बसते सर्वांत आधी थंड होणाऱ्या वस्तूवर, म्हणजे काचेवर आणि धातूच्या भागांवर.

हिशेब केला तर मौज वाटेल. डबीत दोनशे मिलिलिटर हवा धरली, तर एका श्वासात वीस मिलिलिटर हवा आत येते आणि तिच्याबरोबर अर्धा मिलिग्रॅम पाणी. चार महिन्यांचे मिळून साठ मिलिग्रॅम, म्हणजे एक-सव्वा थेंब. त्यातलेही काही पुन्हा बाहेर जाते. पण घड्याळाच्या कमानीसारखी केसाइतकी बारीक कमान ज्या यंत्रात आहे, तिला एक थेंब म्हणजे तळे झाले. दुसरे असे, की किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे घरातल्या बायांना सांगायला नको. हवेतील आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याही आधी ओलावतात. तेव्हा खारा कण एकदा पितळेवर बसला, की ती जागा पावसाळाभर ओलीच राहते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना? तिथे ताकाचे आंबटपण पितळेला खाते, इथे मीठ खाते. हिरवा थर दोहींकडे तांब्याच्या क्षारांचाच.

आणखी एक वाट आहे, आणि ती आपण स्वतःच उघडतो. दिवसभर काम करून आलेला तापलेला ट्रॅक्टर आपण तसाच नळाखाली धुतो. तापलेल्या डबीवर गार पाणी पडले, की आतली हवा एकाएकी आकसते आणि काचेच्या कडेवर साचलेले पाणी पिचकारीसारखे आत ओढून घेते. जुन्या रबरी पॅकिंगला तडे गेलेलेच असतात. तेव्हा आधी ट्रॅक्टर निवू द्या, मग धुवा, आणि पाटीवर पाण्याचा झोत मारू नका. ओल्या फडक्याने पुसले तरी पुरते.

आता मीटरच्या आत काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण ते माहीत नसता हात घालणे बरे नव्हे.

तेलाच्या दाबाच्या मीटरमध्ये एक चपटी, कोयत्यासारखी वाकवलेली पितळी नळी असते. तिचे एक टोक बंद असते आणि दुसऱ्या टोकातून इंजिनाचे तेल दाबाने आत येते. जत्रेत मुले गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकतात, आणि फुंकताच ती सरळ होते. तोच हा प्रकार. दाब वाढला की नळी किंचित उलगडते, तिचे टोक दात्यांची एक लहान पट्टी ओढते आणि पट्टी काट्याला फिरवते. युजेन बूर्दों या फ्रेंच यंत्रकाराने १८४९ साली या नळीचे पेटंट घेतले. वाफेच्या यंत्राच्या कामात एक वेटोळी नळी चुकून चपटी झाली; ती पूर्ववत करण्यासाठी आत दाब दिला, तर ती फुगण्याऐवजी उलगडू लागली, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, तरी रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या टाकीवर हीच नळी काम करीत असते.

पाण्याच्या उष्णतेचे मीटर दोन जातींचे. जुन्या जातीत इंजिनाच्या हेडमध्ये एक पितळी फुगा बसवलेला असतो आणि त्यापासून मीटरपर्यंत एक लांब, बारीक, सलग नळी आलेली असते. फुग्यात इथर असते. ते तापले की त्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि मीटरमधली बूर्दोंची नळी उलगडते. म्हणजे हे मुळात दाबाचेच मीटर. फक्त तबकडीवर अंश लिहिलेले. ही नळी कापली वा चिरली तर इथर उडून जाते आणि मीटर कायमचे निकामी होते. तिला डाग देऊन जोडण्याच्या फंदात कोणी पडू नये. इथर भडकणारे आहे. दुसरी जात विजेची. हेडमध्ये एक पेंच असतो, त्यातील पदार्थाचा विद्युतरोध उष्णतेबरोबर कमी होतो आणि एका तारेने ती बातमी मीटरला पोचते. ‘अँपिअर’च्या मीटरमध्ये पितळेची एक जाड पट्टी, एक लहान लोहचुंबक आणि लोखंडाची पात एवढाच संसार असतो. पण त्याच्यातून बॅटरीचा सारा प्रवाह जातो, हे विसरू नये. त्याच्या मागच्या नटांवर हिरवा थर धरला, तर सांधा तापतो, तारेचे आवरण वितळते, आणि जुन्या ट्रॅक्टरांत या तारेला पुष्कळदा फ्यूजही नसतो. धूर दिसेपर्यंत थांबायचे कशाला?

मीटर उघडण्यापूर्वी दोष मीटरचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. विजेचे उष्णतेचे मीटर असेल, तर चावी लावून हेडवरच्या पेंचाची तार काढा. काटा थंडाकडे गेला पाहिजे. मग तीच तार क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. बहुतेक मीटरांत काटा गरमाकडे सरकू लागतो. सरकू लागला की तार लगेच काढा, टोकापर्यंत जाऊ देऊ नका. काटा असा हलला, तर मीटर व तार दोन्ही ठीक आहेत आणि दोष हेडवरच्या पेंचात आहे. इथरच्या मीटरचा फुगा हेडमधून काढून, मीटर पाटीवरच ठेवून, उकळत्या पाण्याच्या भांड्यात बुडवा. अर्थात इंजिन थंड असताना आणि रेडिएटरमधले थोडे पाणी काढून. किनाऱ्यावर काटा १०० अंशांवर आला पाहिजे. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदारांनी मात्र सुमारे ९८ अंशांची आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी ९५-९६ अंशांची अपेक्षा ठेवावी; उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, त्यात मीटरचा अपराध नाही. अँपिअरच्या मीटरसाठी इंजिन बंद ठेवून पुढचे दोन दिवे लावा. पस्तीस वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर घेतात. काटा तेवढा उणे बाजूला गेला पाहिजे. तेलाच्या दाबाला असा घरगुती उपाय नाही. मेस्त्रीकडून खात्रीचे मीटर उसने आणून त्याच जागी लावून पाहावे, हेच उत्तम.

दोष मीटरचा ठरला, तर पुढे चला. प्रथम बॅटरीची चासीला जोडलेली तार सोडा. ती बहुधा ऋण बाजूची असते. पण काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरांत धन बाजू चासीला असते, म्हणून रंगावर न जाता तार कुठे जाते ते डोळ्यांनी पाहा. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा. मोबाईलवर एक छायाचित्र काढून ठेवले तर सोन्याहून पिवळे. तेलाची नळी सोडताना दोन पाने वापरा, एकाने मीटरचा चौकोनी भाग धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर आतली पितळी नळी पिळवटते आणि बरे करायला गेलो ते मारून येतो.

काचेची कडी काढणे, हीच या कामातली खरी कसोटी. काही जुन्या मीटरांची कडी थोडी फिरवली, की तिच्या खाचा डबीच्या कानांशी जुळतात आणि ती सरळ निघते. बहुतेकांची मात्र मागच्या बाजूने चिमटून बसवलेली असते. तिथे बोथट, बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कडेची ओठाळी दोन-तीन मिलिमीटर उचला, पुढे सरका, पुन्हा तेवढीच उचला. एकाच जागी जोर केला तर कडी फाटते. चार फेऱ्या माराव्या लागल्या तरी माराव्यात. करंजीची मुरड घालणाऱ्या बोटांना हे काम पुरुषांपेक्षा चांगले साधते, असा माझा अनुभव आहे. आणि एक इशारा: फार जुने, १९६० च्या दशकातले किंवा त्याआधीचे परदेशी मीटर असेल आणि त्याचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर ते उघडू नका. त्या रंगात रेडियम असण्याचा संभव असतो. रंग आता चमकत नसला तरी रेडियम जागेवरच असते. त्याची भुकटी नाकातोंडात जाणे अगदी वाईट.

मीटर उघडले, की पहिला मोह होतो तो फडक्याने तबकडी पुसण्याचा. तो आवरा. ओल लागून आकड्यांची शाई सुटलेली असते. एक हात फिरला की आकडे फडक्यावर येतात आणि तबकडी कोरी राहते. आधी वाळवणे, मग बाकीचे. चुलीवर, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवू नये. रंग पोपडतो आणि नाजूक कमान बिघडते. एका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची मूठभर पुडी आणि उघडलेले मीटर ठेवून दोन-तीन दिवस विसरून जा. सिलिका जेलचे खडे रंग बदलणारे मिळतात. रंग बदलला, की ते मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. लोक तांदळात ठेवतात. त्याने ओल फारशी जात नाही, उलट तांदळाचा भुगा दात्यांत शिरतो.

वाळल्यावर मऊ कुंचल्याने धूळ झाडा. मागच्या स्क्रूवरचा आणि नटांवरचा हिरवा थर लिंबाच्या रसाने किंवा पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. पण नंतर ती जागा शुद्ध पाण्याने पुसून, शेवटी स्पिरिटने कोरडी केली पाहिजे. आंबट राहिले तर ते पुन्हा पितळ खाईल. हे आंबट द्रव्य डबीच्या आतल्या कमानीला, गुंडाळलेल्या तारेला किंवा दात्यांना लावायचे नाही. तिथे बारीक कुंचल्याने स्पिरिटचा हलका हात पुरे. काटा हाताने न ढकलता हलकी फुंकर घालून हलतो का पहा. तेल? नाही. आपल्याकडे अडकलेल्या प्रत्येक गोष्टीवर तेल सोडण्याची सवय आहे, पण या दात्यांत तेल गेले की धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि सहा महिन्यांत काटा पुन्हा अडतो. डब्यातून फवारायची गंज सोडवणारी द्रव्येही इथे नकोत. ती तबकडीचा रंग उतरवतात. कमान गंजून तुटली असेल किंवा बूर्दोंच्या नळीला चीर पडून तेल झिरपत असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून नवे मीटर घ्यावे. विजेचे उष्णतामीटर नवे घेताना हेडवरचा पेंचही त्याच्याच जोडीचा घ्या. एकाचे मीटर आणि दुसऱ्याचा पेंच असा संसार केला, तर काटा हलेल, पण खोटे बोलेल.

बंद करताना दोन गोष्टींत बहुतेकांचे चुकते. एक, कडेला लावायचे सिलिकोन. बाजारातले साधे सिलिकोन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा. म्हणजे ज्या आंबटाने पितळ कळकते, तेच आपण आत कोंडून ठेवतो! ट्यूबवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकोन मागावे. त्याहून बरे म्हणजे काचेखाली योग्य मापाची नवी रबरी कडी. दुसरी गोष्ट अशी, की मीटर बाटलीसारखे हवाबंद करू पाहणे व्यर्थ आहे. इतकी चांगली सीलबंदी घरी होत नाही. कुठे तरी सूक्ष्म फट राहते, तिच्यातून ओल आत जाते आणि बाहेर मात्र येत नाही. त्यापेक्षा डबीच्या अगदी खालच्या बाजूला, तोंड जमिनीकडे असेल असे, एक-दीड मिलिमीटरचे भोक असू द्यावे. पुष्कळ मीटरांना ते मुळातच असते आणि कोणी तरी ‘पाणी जाईल’ म्हणून ते बुजवलेले असते. नसेल तर यंत्र डबीबाहेर असतानाच पाडावे. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला तर नवा उपद्रव. श्वास घ्यायचाच आहे, तर खालून घेऊ द्या; थेंब जमला तर त्याच वाटेने गळून जाईल. सिलिका जेलची पुडी आत ठेवून देण्याची युक्ती काहीजण सांगतात. काही आठवड्यांत ती पुडी ओलीचिंब होते आणि मग आतले तळे म्हणून नांदते.

काच आतून कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, बोट लावू नका. बोटाच्या घामातही मीठ असतेच. बंद करायला पौष-माघातली कोरडी दुपार उत्तम. पावसाळ्यातच काम निघाले, तर मीटर रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवून, सकाळी बाहेर काढताक्षणीच काच बसवावी. कडीची ओठाळी उचलली तशीच थोडी थोडी दाबत आणा, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने.

पाटीवर बसवल्यावर आधी केलेल्या परीक्षा पुन्हा करा: उकळते पाणी, दोन दिवे. तेलाच्या मीटरचा सांधा इंजिन चालू करून बोटाने चाचपा, झिरपते का पाहा. दाब किती हवा, ते आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. पुस्तिका मेट्रिक आणि तबकडी जुन्या पद्धतीची असली तर गोंधळू नका. आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, पण इंग्रजी-अमेरिकन नमुन्यावरून आलेल्या जुन्या तबकड्यांवर पौंडच असतात. चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे चौरस इंचाला सुमारे सव्वाचौदा पौंड. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत काटा उठला पाहिजे. उठला नाही, तर मीटरला दोष न देता आधी इंजिन बंद करा आणि तेलाची पट्टी ओढून पाहा.

राहिला प्रश्न ट्रॅक्टर झाकण्याचा. प्लास्टिकचा कागद अंगाला लपेटून ट्रॅक्टर बांधून ठेवणे सर्वांत वाईट. जमिनीची वाफ त्याच्याखाली कोंडते आणि पहाटे पाटीवर दव धरते. पडवीत किंवा मांगरात, चारी बाजूंनी वारा खेळेल असा तो उभा करावा. वर ताडपत्री ताणावी, पण ती यंत्राला टेकू देऊ नये. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा अर्धा तास इंजिन चालवून पाटी चांगली गरम होऊ द्यावी.